पावसाळ्यात धरलेली क्रोशाची सुई अजून सुटली नाहीये: माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात क्रोशा, म्हणजे एकाच आकडीवाल्या सुईचं विणकाम, शिकायला घेतला, आता उन्हाळा तोंडावर आलाय आणि अजून चालूच आहे, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्याच्या उत्साहात लिहिलेले रिव्ह्यू मी स्वतः कधी सिरियसली घेत नाही.

आधी किटबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. ऑनलाइन जिकडेतिकडे 'बिगिनर किट' दिसतं ना, रंगीत सुयांचा पाउच, इवलेइवले गुंडे, टाक्यात अडकवायचे प्लास्टिकचे मार्कर, ते नका घेऊ. माझ्या किटमधल्या सुयांची ग्रिप थोड्याच दिवसांत सैल होऊन फिरायला लागली, म्हणजे बोटं एकीकडे वळतायत आणि सुईचं तोंड भलतीकडे. गुंडे असे की एकात धड एक कोस्टर होत नाही. तक्रार केली तर 'वापरलेला माल परत घेत नाही' म्हणून हात वर. त्यापेक्षा ४ एमएमची रबरी ग्रिपवाली एकच चांगली सुई आणि मिल्क कॉटनचा, म्हणजे मऊ सुतीसारख्या धाग्याचा, एक फिकट रंगाचा गुंडा, बास. फिकटच, कारण काळ्या किंवा नेव्ही ब्लू धाग्यात टाका कुठे संपला तेच दिसत नाही, ट्यूबलाइटखाली तर अजिबातच नाही. आणि दुकानात लोकर म्हणून जी स्वस्तात मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असते, मुंबईच्या दमट हवेत ती घामट बोटांना चिकटते, पटापट सरकत नाही. तसंही इथे स्वेटर घालणार कोण आणि कधी?

हो, आणि मोठं काही करणार असाल तर सगळे गुंडे एकदमच घ्या, लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या धाग्याचा नंबर, बघून. एकाच शेडचे दोन लॉट दुकानात सारखे दिसतात, घरी उजेडात पट्टा उठून दिसतो.

आता मी का टिकले ते सांगते. याआधी छंद म्हणून मंडला काढून झालं, रेझिनच्या वस्तू झाल्या, सगळं माळ्यावर आहे. क्रोशाचं कसंय, दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर असते, सुई निसटली की टाके गळायला लागतात. क्रोशात प्रत्येक टाका तिथल्या तिथे पूर्ण होतो, सुईवर उरतो फक्त एक फंदा. लोकलमध्ये विणताना अंधेरी आलं, उठायचंय, तर तो फंदा जरा ओढून मोठा करायचा, मार्कर अडकवायचा आणि सगळं पिशवीत कोंबायचं. बोरिवलीहून सुटणारी स्लो पकडली आणि बसायला मिळालं तरच हां, उभ्याने गर्दीत सुई बाहेर काढू नका, कोणाच्या तरी हाताला लागेल. लेडीज डब्यात कोणी मटार सोलतं, कोणी मेथी निवडतं, मी विणते, कोणाला काही वाटत नाही.

उलट शिकवणारेच भेटतात. माझा चौकोन वरवर निमुळता होत चालला होता, यूट्यूबवर कितीही बघितलं तरी कारण कळेना. समोरच्या मावशींनी हातातून घेतला, उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजे तुझा पहिला खांब. परत येताना त्या साखळीच्या डोक्यावर शेवटचा खांब घालायचा, तो तू सोडतेयस." खांब म्हणजे उंच उभा टाका, तो दर ओळीत एक कमी! उतरता उतरता हेही सांगून गेल्या की वर्षातून एकदा तरी जुनं काही उसवून बघावं, विणलंय कसं ते कळतं.

पॅटर्नबद्दल एकच: अमेरिकन पॅटर्नमधला सिंगल क्रोशे आणि ब्रिटिश पॅटर्नमधला डबल क्रोशे हा एकच टाका आहे, आपला मुका खांब, म्हणजे साध्या खांबाहून बुटका टाका. पॅटर्न कुठला ते आधी बघा, नाहीतर टोपीची पिशवी होते.

गोल विणण्यात मला सगळ्यात जास्त मजा आली. मुक्या खांबाने सपाट गोल हवा तर सहा टाक्यांनी सुरुवात आणि प्रत्येक फेरीत सहाच वाढवायचे. कमी वाढवले की वाटी होते, जास्त वाढवले की कडेला झालर उठते. या झालरीचं पुढे खरंच गणित आहे, १९९७ साली दाइना ताइमिना नावाच्या गणितज्ञ बाईंनी टाके सतत ठरावीक प्रमाणात वाढवत नेऊन क्रोशाने हायपरबोलिक, म्हणजे कडेला सतत झालरीसारखा पसरत जाणारा, पृष्ठभाग विणून दाखवला, विद्यार्थ्यांना हातात धरून बघता यावा म्हणून. मी हे ऑफिसमध्ये सांगितलं तर लोकांना वाटलं फेकतेय.

त्रास? आहे. मनगट आणि अंगठ्याचा सांधा दुखतो, विशेषतः बाहुल्यांना, कारण आतला कापूस दिसू नये म्हणून टाके घट्ट लागतात. मी आता अर्ध्या-पाऊण तासाने सुई खाली ठेवतेच. 'स्ट्रेस जातो' असं विणणाऱ्या बऱ्याच जणी सांगतात, टाके मोजताना कोणी हाक मारली की माझा मात्र वाढतोच. पण फोन हातातून सुटतो एवढं नक्की.

आणि पैशांचं. बाजारात येणारा खरा क्रोशा अजून मशीनवर होत नाही, हातानेच करावा लागतो. त्यामुळे रस्त्यावर तीनशे रुपयांत लटकणारा 'क्रोशे टॉप' बहुतेक मशीनवर विणलेली जाळी असते, आणि खरंच क्रोशा असेल तर विणणारीला काय मिळालं असेल याचा विचार करा. हे मला स्वतः विणायला लागल्यावर कळलं. माझी झोळी बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, मलाही एक करून दे, किती घेशील? म्हटलं पंधराशे. "एवढे? कापडी तर दीडशेला मिळते!" म्हटलं काकू, धागाच चारशेचा जातो, तुम्ही धागा आणा, मी शिकवते. आधी तोंड वाकडं केलं, पण परवा लिफ्टमध्ये विचारत होत्या, धागा कुठल्या रंगाचा आणू. फिकट, म्हटलं.