प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं, श्वास पुरेना: बायपॅप, व्हेंटिलेटर की एक्मो?

सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसात चिकट कफ साठत जाणारा जन्मजात आजार) पेशंटचं नाव फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत लागलं की नातेवाईक विचारतात, घरी ऑक्सिजन आहे, मग आणखी मशीन कशाला? ऑक्सिजनने बोटावरचा आकडा सुधारतो, पण साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. सकाळी डोकं जड, दिवसभर झापड असं सुरू झालं की एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी, करून घ्या. त्यात कार्बन डायऑक्साइड 45 च्या (मिमी पारा) वर असताना नुसता ऑक्सिजन वाढवत नेणं अंगाशी येतं.

तिथे बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, कामाचं. श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी, त्यामुळे थकलेल्या स्नायूंना रात्रभर विसावा मिळतो. घशात नळी नसल्याने पेशंट मास्क काढून जेवतो, बोलतो आणि मुख्य म्हणजे खोकून कफ काढतो. ह्युमिडिफायर हवाच, नाहीतर मुळातच चिकट कफ वाळून बसतो. मास्क घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. नाकाच्या हाडावर वळ उठला की मशीन कोपऱ्यात जातं. थुंकीतून बरंच रक्त पडत असेल किंवा फुफ्फुसाबाहेर हवा साठली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही.

हाय फ्लोचा, म्हणजे नाकातल्या नळीतून येणारा, मिनिटाला 60 लिटरपर्यंतचा उबदार, ओलसर झोत सोसायला सोपा, पण तो दवाखान्यातच.

व्हेंटिलेटरला मी शेवटचा मानतो. नळी आणि गुंगीत खोकला जातो, अंगातली ताकद ओसरते, मग ऑपरेशन झेपेल का हाच प्रश्न उभा राहतो. एक्मोत रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन भरतात. पेशंट जागा राहू शकतो, काही ठिकाणी चालवतातही. पण रक्तस्राव, गुठळ्या, जंतुसंसर्ग यांची टांगती तलवार असते, खर्च अफाट, आणि फुफ्फुस वेळेत मिळालं नाही तर पुढे वाट नाही. म्हणून एक्मो प्रत्यारोपण होतं त्याच केंद्रात लावलेलं बरं.

प्रत्यारोपणासाठी पुणं गाठायचं तर ते इथून, कोल्हापुरातून, सुमारे 230 किलोमीटर. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. बायपॅपवरचे तास वाढत चालले असतील, तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याचा 39 फुटांचा इशारा यायची वाट कशाला बघायची? जूनमध्येच केंद्राजवळ खोली घ्या. तोवर घरी इन्व्हर्टर घेताना बायपॅप, ह्युमिडिफायरचा हीटर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन) तिन्हींचे वॅट दुकानदाराला सांगा.