सायकलिंग मॅनेजर गेम, सात महिने खेळल्यानंतर: घाटात टीम कशी वापरायची

सायकल शर्यतीची टीम चालवायचा हा गेम जूनमध्ये घेतला, बेळगावात पाऊस लागला की आमची रविवारची सायकल बंद पडते म्हणून, आणि आता जानेवारी आला तरी रात्री जेवण झालं की एक स्टेज, म्हणजे एका दिवसाची शर्यत, होतेच. करार, ट्रेनिंग, स्पॉन्सर हे सगळं ठीक आहे, त्यावर फार लिहीत नाही. मला बोलायचंय ते चढाबद्दल, कारण या गेमचा जीव तिथं आहे आणि पहिले दोन महिने मी तिथंच मार खाल्लाय.

मी काय करायचो, शेवटचा चढ आला की चारही मदतनीस लीडरभोवती (ज्याला जिंकवायचं तो मुख्य रायडर) लावायचो, सगळ्यांना प्रोटेक्टची, म्हणजे त्याला सांभाळायची ऑर्डर, आणि वाटायचं आता आपला गडी सेफ. फ्रान्समधला अल्प द्युएझचा घाट घ्या, १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के चढ, २१ वळणं आणि वळणांचे नंबर खालून उलटे, २१, २०, १९ असे. माझे चौघंही १५ नंबरच्या वळणाला ढेर! लीडर एकटा, आणि समोरच्या टीमची अजून दोन माणसं ताजी.

सपाटीला ४५ च्या स्पीडनं कुणाच्या तरी मागं बसलं की वारा लागत नाही, भरपूर ताकद वाचते, पण आठ टक्क्यांच्या चढाला स्पीड विशीच्या आसपास येतो, तिथं झुंज वाऱ्याशी नाही, स्वतःच्या वजनाशी असते, मागं बसून वाचतं ते थोडंच. गेमनं हे छान पकडलंय. म्हणजे चढाला मदतनीस वेग बांधून द्यायला असतो, असा वेग की दुसऱ्या कुणाला अटॅक मारायची हिंमत होऊ नये आणि आपला लीडर मात्र दम राखून त्यात बसावा. खरं तर राजहंसगडाच्या चढाला हे मला आधीच कळायला पाहिजे होतं. येळ्ळूर सोडलं की आमच्यातला एक दादा एका लयीत ओढत राहतो, मी मध्येच जोर लावून पुढं गेलो की मागून ओरडतो, "अरे आत्ताच का मारायलास, चढ अजून सुरू बी झाला नाही!"

आता मी प्रोटेक्ट पूर्ण बंद केलंय, निदान शेवटच्या चढाला तरी. सपाटीचे दोन तगडे गडी दरीतच खर्च करतो, चढाच्या पायथ्याला लीडर पहिल्या दहा-पंधरात पोचला पाहिजे एवढंच त्यांचं काम, कारण चाळिसाव्या नंबरवरनं वर येण्यात जी ताकद जाते ती परत मिळत नाही. पाण्याच्या बाटल्याही तिथंच आणून घ्यायच्या, चढाला माणूस मागं गाडीकडं पाठवला की तो गेला. मग चढाला एकावेळी एकच जण पुढं, एफर्टचा आकडा, म्हणजे किती जोर लावायचा ते, मी हातानं देतो. पहिल्याला ७० च्या आसपास, तो संपायच्या थोडं आधीच दुसरा ७५ वर, आणि सगळ्यात चांगला क्लाइंबर लीडरच्या मागं गप्प बसवून ठेवायचा, शेवटच्या चार किलोमीटरसाठी. त्याला आधी हात लावायचा मोह होतो, होणारच, पण थांबायचं. त्या दिवशीचा फॉर्म मात्र सकाळीच बघायचा, मायनसमध्ये असेल तर ७६ रेटिंगचा रायडरसुद्धा ७२ वाल्याच्या आधी मागं पडतो.

दुसरी गोष्ट, एक माणूस सकाळच्या ब्रेकमध्ये, म्हणजे सुरुवातीलाच पुढं निसटणाऱ्या गटात, पाठवून ठेवायचा. २०२२ च्या टूर द फ्रान्समध्ये ओताकामच्या स्टेजला वाउट व्हान आर्ट असाच पुढं होता, शेवटच्या चढाला त्यानं असं ओढलं की समोरच्या टीमचा लीडर पोगाचार मागं पडला आणि व्हान आर्टच्याच टीमचा लीडर विंगेगार्ड एकटा वर गेला. त्याच टूरमध्ये गालिब्ये घाटावर त्याच टीमच्या रोगलिच आणि विंगेगार्डनं पोगाचारला आळीपाळीनं अटॅक मारून दमवलेलं आणि एकूण वेळेत पहिल्या असलेल्याची पिवळी जर्सी ग्रानोनच्या चढाला काढून घेतलेली. ते बघून मी गेममध्ये दोन लीडर ठेवून केलं, तिसऱ्या अटॅकला समोरचा फेव्हरिट खरंच मागं पडला, मी खुर्चीवरनं उठलो, रात्रीचे साडेबारा वाजलेले, आई आतनं विचारायली काय झालं म्हणून.

तक्रारी पण आहेत. प्रोटेक्टमधला रायडर लीडरनं जोर मारला की स्वतःही मारतो आणि फुकट जळतो, हे सुधारायलाच पाहिजे. उताराला आपली माणसं विनाकारण मागं पडतात. पावणेदोनशे रायडर स्क्रीनवर आले की माझा लॅपटॉप तापतो, मी ग्राफिक्स कमी केलंय. आणि स्टेजच्या मध्ये सेव्ह होत नाही, जुलैमध्ये लाइट गेली, बॅटरी आधीच मेलेली, तुर्माले घाटाच्या वर असताना सगळं गेलं, तेव्हा खूप वाईट वाटलेलं.

नवीन घेणाऱ्यानं घाटाची स्टेज फास्ट फॉरवर्डमध्ये पळवू नये. दर किलोमीटरला पॉज करून चौघांचे ताकद दाखवणारे पट्टे बघा, आणि पहिल्याचा पट्टा पाव राहिला की दुसऱ्याला लगेच पुढं काढा.