हार्मोनच्या बाटलीत हार्मोनच नव्हतं

मे महिन्यातली नागपूरची दुपार. कुरिअरवाल्याने हातात ठेवलेल्या थर्माकोलच्या डब्यातला जेल पॅक चक्क गरम होता. डबा तिथल्या तिथे परत करायला हवा होता. नाही केला, कारण ग्रँट अडकलेली आणि हे एफएसएच, म्हणजे बीजांडं पिकवायला लागणारं हार्मोन, निम्म्या भावात मिळालेलं.

मी म्हशीच्या बीजांडांवर काम करते. सकाळी कत्तलखान्यातून कोमट सलाइनच्या थर्मासमध्ये ओव्हरी आणायच्या, दोन ते आठ मिलिमीटरच्या फॉलिकलमधून, म्हणजे बीजांडाच्या पिशवीतून, सुईने बीजांडं ओढायची, मग एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडायोल ही हार्मोनं घातलेल्या मीडियममध्ये (पोषक द्रवात) ३८.५ अंशांवर चोवीस तास पिकायला ठेवायची. यातलं एफएसएच सगळ्यात महाग. विकणारा एका ओळखीच्यांकडून आला, सीताबर्डीला चहावर भेटला. “ताई, एका लॅबचा उरलेला स्टॉक आहे, एकदम ओरिजिनल. बिल मागाहून पाठवतो.” अठरा हजार यूपीआयने आधीच दिले. बिल आजतागायत आलं नाही.

लगेच कळलं असतं तर एवढं लिहिलंच नसतं. गंमत अशी की बीजांड फॉलिकलबाहेर काढलं की हार्मोन नसलं तरी बऱ्याचदा त्याचं केंद्रक आपणहून पक्वतेकडे सरकतं. पिंकस आणि एन्झमन यांनी १९३५ मध्ये सशांवर हे दाखवलंय, मी सेमिनारमध्ये शिकवूनही झालंय! त्यामुळे माझ्याही डिशमध्ये पोलर बॉडी, म्हणजे बीजांड पिकल्याची खूण, दिसत होत्या. टक्का कमी होता, पण मी ऊन, इन्क्युबेटर, सगळ्यांना बोल लावला. कत्तलखान्यातल्या चाचांशी तर थर्मासवरून कडाक्याचं भांडले. हार्मोन न घातलेला कंट्रोल गट मी मीडियम वाचवायला बंद केला होता, हा माझा खास शहाणपणा.

दोन महिन्यांनी मॅडमनी फोटो पाहिले. “अगं, क्युम्युलस फुललाच नाही की!” एफएसएच काम करत असेल तर बीजांडाभोवतीच्या पेशी हायलुरोनिक आम्ल सोडतात आणि तो गठ्ठा भिजलेल्या साबुदाण्यासारखा सैल, चिकट होतो. माझे गठ्ठे जसेच्या तसे घट्ट.

मग तीन डिश लावल्या: एक माझ्या बाटलीची, एक शेजारच्या लॅबकडून मागून आणलेल्या एफएसएचची, एक बिनहार्मोनची. दुसऱ्या दिवशी उसन्या एफएसएचची डिश फुललेली, आणि उरलेल्या दोन ओळखू येऊ नयेत इतक्या सारख्या. उन्हाने औषध मेलं असेल, असं मनाला समजावून पाहिलं. म्हणून लेबलवरच्या कंपनीला लॉट नंबर कळवला. त्यांच्याकडे त्या नंबरचं एफएसएच कधी बनलंच नव्हतं. हा फोन पैसे देण्याआधी पाच मिनिटांत झाला असता, बाटलीच्या फोटोवरून.

विकणाऱ्याचा नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे पहिला प्रश्न पैसे कधी पाठवले हाच. दोन महिने म्हटल्यावर पलीकडच्या बाई क्षणभर गप्प झाल्या. खात्यात काही उरलं नव्हतं.

परवा चाचांकडे संत्र्याची बर्फी घेऊन गेले. त्यांनी डबा घेतला, थर्मास उघडून माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “आधी बोट घालून बघा, कोमट आहे का ते.”