सिंगापूरहून रात्री सुटणारी क्रूझ आणि मुंबईचे विमान

सिंगापूरच्या मरिना बे क्रूझ सेंटरवरून रात्री सुटणाऱ्या ‘गेंटिंग ड्रीम’ या जहाजाच्या फेरीने आम्ही आई-बाबांसह प्रवास केला. जहाजाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, त्यामुळे येथे भर आहे तो विमान आणि बोर्डिंग यांच्या जुळणीवर, कारण उशिराची सुटण्याची वेळ पाहून बहुतेक जण नेमके चुकीचे विमान निवडतात.

मुंबईहून सिंगापूरला थेट विमानाने सुमारे साडेपाच तास लागतात आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. सकाळी १० ला निघालेला प्रवासी तिथे संध्याकाळी ६ ला उतरतो. समजा जहाज रात्री ९ ला सुटणार आहे. कागदावर तीन तास हाताशी दिसतात. प्रत्यक्षात इमिग्रेशन आणि सामान यांत तास सहज जातो, टॅक्सीला अर्धा तास धरावा लागतो, आणि बोर्डिंग जहाज सुटण्याच्या तासभर किंवा त्याहूनही आधी बंद होते. विमान अर्धा तास जरी रखडले, तरी धक्क्यावर पोहोचून उपयोग नाही. विमानाचे आणि क्रूझचे तिकीट वेगवेगळे काढले असेल, तर विमानाच्या उशिराची जबाबदारी जहाज कंपनी घेत नाही.

म्हणून तिकिटावरील सुटण्याची वेळ बाजूला ठेवून बोर्डिंग बंद होण्याची वेळ धरावी आणि तिथून मागे मोजत यावे. जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच प्रवाशांची सुरक्षा कवायत घेणे २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. शेवटच्या क्षणी येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवणे कंपनीला परवडत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

आम्ही आदल्या रात्रीचे विमान घेतले आणि सकाळी चांगी विमानतळावर उतरलो. तिथे सामान ठेवण्याची सशुल्क सोय आहे, त्यामुळे मोकळ्या हातांनी विमानतळालगतच्या ‘ज्युएल’ संकुलातील ४० मीटर उंचीचा धबधबा पाहता आला. मात्र रात्रभराच्या जागरणाने आईचे पाय सुजले होते आणि धबधब्यासमोरच्या बाकावरून ती बराच वेळ उठली नाही. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर एक दिवस आधी पोहोचून हॉटेलात मुक्काम करावा. तो खर्च वाया जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रूझ टर्मिनल प्रशस्त आणि वातानुकूलित आहे. मेट्रोचे मरिना साऊथ पिअर स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर असले, तरी मोठ्या बॅगा असताना टॅक्सीच सोयीची. आम्ही बोर्डिंगसाठी लवकरची वेळ निवडली होती. काउंटरवर बॅगांना केबिन क्रमांकाची पट्टी लावून त्या ताब्यात घेतल्या जातात आणि नंतर केबिनबाहेर आणून ठेवल्या जातात. तोपर्यंत औषधे, पासपोर्ट आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत असलाच पाहिजे. जहाज धक्क्याला असतानाच जेवण सुरू झालेले होते आणि बाबांना कांदा-लसणाविना जेवणही मिळाले. रात्री सुटणाऱ्या जहाजाचा खरा फायदा हाच आहे: जो लवकर चढतो त्याला अख्खी दुपार आणि संध्याकाळ जहाजावर मिळते, भाडे मात्र तेवढेच.

कागदपत्रांची एक गोष्ट प्रवास कंपन्या पुरेशी ठसवत नाहीत. जहाजावर चढताना सिंगापूरमधून बाहेर पडल्याची नोंद होते, त्यामुळे परतताना तो नवा प्रवेश ठरतो. व्हिसा अनेक प्रवेशांचा असावा आणि एसजी अरायव्हल कार्ड (सिंगापूरमध्ये येण्याआधी भरायचा ऑनलाइन अर्ज) विमानाने येताना व जहाजाने परतताना असे दोन्ही वेळा, आगमनाआधीच्या तीन दिवसांत भरावे. ते विनामूल्य आहे.

परतीला उतरणे मजल्यांनुसार होते आणि हजारो प्रवासी एकाच वेळी टॅक्सीच्या रांगेत येतात. टर्मिनलच्या उत्तम व्यवस्थेत मला हीच एक उणीव जाणवली. जहाज सकाळी धक्क्याला लागणार असले, तरी मुंबईचे विमान संध्याकाळनंतरचेच घ्यावे.