बीएमएसच्या ‘दुरुस्ती’त गेलेले 26,350 रुपये

जुन्या मारुती 800 चे इंजिन काढून मी स्वतः इलेक्ट्रिक केलेली गाडी शेताच्या आवाराबाहेर जात नाही. तिच्या 24 एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलच्या बॅटरी पॅकचा बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवून धोका दिसताच प्रवाह तोडणारा बोर्ड, बंद पडला, तेव्हा नवा घेण्याऐवजी तो कुरियरने दुरुस्तीला पाठवण्याची दुर्बुद्धी मला झाली. समोरचा माणूस अडाणी असता तर मी फसलो नसतो. पण बॅलन्सिंगचे (सगळे सेल समान पातळीवर ठेवणारे) रेझिस्टर तापतात का, कोणता मॉसफेट (प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जळाला आहे, असे नेमके प्रश्न त्याने विचारले. तपासणीचे 2,500, आयसी (चिप) मागवण्याचे 7,800 आणि परतीच्या कुरियरचे व विम्याचे 1,350 रुपये मी यूपीआयने भरले. बिल मागितले नाही. तुम्ही मागा, आणि बिलाआधी पैसे देऊ नका.

नंतर त्याने व्हिडिओ पाठवला. त्यात मोबाइलच्या पडद्यावर चोवीसही सेल 3.31 व्होल्ट दाखवत होते आणि शेजारी ठेवलेल्या माझ्या बोर्डाचे सेन्सिंग वायरचे (ज्यांतून बोर्ड प्रत्येक सेलचे व्होल्ट मोजतो त्या वायरचे) सॉकेट रिकामे होते. वायरच जोडलेल्या नाहीत, तर बोर्ड मोजतो काय? तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला आणि ‘आभारी आहे’ असे उत्तर पाठवले!

बोर्ड परत आला तेव्हा मॉसफेटवर काळे सिलिकॉन थापलेले होते. गाडी चालली, म्हणून मी खोलात गेलो नाही. तिसऱ्या चार्जिंगला तीन सेल फुगले. सिलिकॉन खरवडले, तर बी-मायनसपासून (बॅटरीकडचे ऋण टोक) पी-मायनसपर्यंत (चार्जर-मोटरकडचे ऋण टोक) मॉसफेटना वळसा घालून तांब्याची जाड तार डाख देऊन बसवलेली. म्हणजे संरक्षण पूर्ण बाद. चार्जर एकूण 87.6 व्होल्ट पाहतो, एखादा सेल 3.65 व्होल्टच्या कमाल मर्यादेवर गेला हे त्याला कळत नाही. बोर्ड सुटा असताना या दोन टोकांना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (बीपच्या सेटिंगवर) ठेवून लावा. बीप वाजला तर तो पॅकला जोडू नका. मी हे दहा सेकंदांचे काम केले नाही आणि 14,700 रुपयांचे सेल घालवले.

पोलीस ठाण्यात ‘वस्तू परत मिळाली ना, मग फसवणूक कसली?’ असे ऐकावे लागले. त्यानंतर गाडीला आरटीओची परवानगी आहे का, बॅटरी कोठून आणली, घरात स्फोट झाला तर जबाबदार कोण, अशी माझीच उलटतपासणी दीड तास चालली आणि शेवटी लेखी तक्रारीची पोचही न देता मला ग्राहक आयोगाचा रस्ता दाखवण्यात आला. तेथे बिल हवे, असे वकिलांनी सांगितले.

त्या माणसाचा क्रमांक अजून चालू आहे. त्याच्या जाहिरातीत ‘दुरुस्तीपूर्वी’ म्हणून जो बोर्ड दिसतो, त्याच्या कोपऱ्यात मी ओळखीसाठी लावलेला लाल ऑइलपेंटचा ठिपका आहे.