लेस्टर सिटी 2015-16 रेट्रो जर्सी (वार्डी 9): कापडाला चार स्टार, बाहीवरच्या सिंहाला शून्य

आधी कामाचं बोलतो कारण बरेच जण फक्त कापड आणि साइज बघायला येतात. ही लेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबची 2015-16 ची होम जर्सी, पाठीवर स्ट्रायकर वार्डीचं नाव, ओरिजिनल नाही, रेट्रो कॉपी, एका ऑनलाइन दुकानातून मागवलेली. दुकानाचं नाव घेत नाही, असली दुकानं पायलीला पन्नास आहेत आणि सगळ्यांचा माल बहुतेक एकाच ठिकाणाहून येत असावा.

कापड खरंच चांगलंय. हलकं आहे, अंगाला चिकटत नाही, धुतल्यावर आटलं नाही. निळा रंग साइटवरच्या फोटोत जांभळट दिसत होता म्हणून धाकधूक होती पण हातात आल्यावर बरोबर लेस्टरचा निळा निघाला. छातीवरचं स्पॉन्सरचं नाव, किंग पॉवर, सरळ बसलंय. क्रेस्टमधला, म्हणजे क्लबच्या चिन्हातला, कोल्हा भरतकामाचा आहे, त्याच्या कानापाशी एक धागा सुटलेला होता तो कात्रीने कापला, विषय संपला. शिवण मजबूत, गळा सैल पडलेला नाही. इथपर्यंत तक्रार नाही.

पाठीवरचं प्रिंटिंग मात्र काठावर पास. वार्डी हे नाव ठीक आहे पण 9 च्या गोलाची आतली कड दोन-चार धुण्यांतच उचलली गेली, नखाने दाबली की बसते आणि परत वर येते. मशीनमध्ये टाकणार असाल तर उलटी करून थंड पाण्यात टाका, ड्रायरच्या नादी लागू नका आणि आकड्यावर इस्त्री तर अजिबात फिरवू नका. फाँटही चुकलाय. प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगने, 2017-18 ला नवीन फाँट आणला, त्याआधी कित्येक वर्षं जुना जाडजूड आकडा होता, आणि यांनी 2015-16 च्या पाठीवर नवा चिकटवलाय. हे पाचातल्या चौघांना कळणारही नाही त्यामुळे सोडून देतो.

पण बाहीवरचा पॅच. हा नाही सोडवत.

यांनी सोनेरी पॅच लावलाय. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रीमियर लीगचा सोनेरी पॅच चँपियन टीम जिंकल्याच्या पुढच्या सीझनला लावते. ज्या सीझनला लेस्टर जिंकलं त्या पूर्ण सीझनला बाहीवर, आदल्या वर्षीचा चँपियन चेल्सी सोडला तर, इतर अठरा क्लबसारखाच साधा पॅच होता, बॉलवर पाय ठेवून उभा असलेला मुकुटवाला सिंह. सोनेरी आला 2016-17 ला, आणि तोपर्यंत लीगने लोगोच बदलला होता, उभा सिंह जाऊन नुसतं सिंहाचं तोंड राहिलं होतं. म्हणजे माझ्या जर्सीवर जे सोनेरी तोंड चिकटलंय ते पुढच्या वर्षीचंय.

कस्टमर केअरला चॅटवर हे सगळं नीट लिहून कळवलं, वर 2015-16 च्या मॅचचा फोटोही जोडला. उत्तर आलं, सर हे चँपियन्स एडिशन आहे, गोल्डन पॅचमुळे प्रीमियम लुक येतो. परत लिहिलं की लुकचा प्रश्न नाही, वर्षाचा आहे. त्यावर अंगठ्याचा इमोजी आला आणि चॅट बंद.

माझ्या एका चेल्सीवाल्या मित्राचं म्हणणं की उगाच कीस काढतोयस, सोनं ते सोनं. त्याचं बरोबर आहे कारण त्याच्या क्लबने तो पॅच बऱ्याचदा लावलाय, त्याला त्याचं काय कौतुक. आमच्याकडे तो एकदाच आला आणि त्या वर्षी काय झालं ते बघा. पहिल्याच मॅचला, ऑगस्ट 2016 मध्ये, खालच्या लीगमधून नुकत्याच वर आलेल्या हलने 2-1 ने हरवलं. मिडफिल्डर कान्टे आधीच चेल्सीला गेला होता आणि मिडफिल्डमध्ये जे भगदाड पडलं ते सगळ्यांना दिसत होतं. फेब्रुवारी 2017 मध्ये टीम रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये जायच्या, जागेपासून एका पॉइंटवर होती आणि कोच रानिएरीला काढलं, ट्रॉफी उचलून पुरते दहा महिनेही झाले नव्हते. शेवटी बारावे आलो. चँपियन्स लीगच्या क्वार्टर फायनलपर्यंत गेलो हे खरं, अॅटलेटिकोने बाहेर काढलं, पण लीगच्या मॅचला दर शनिवारी पोटात गोळा आणि बाहीवर सोनं असा तो प्रकार होता. सोनेरी पॅच बघितला की मला ट्रॉफी नाही आठवत, घसरण आठवते.

आणि साधा पॅच बघितला की उलट. त्याच्या आदल्या सीझनला, 2014-15 ला, ख्रिसमसला टीम तळाला होती, मग शेवटच्या नऊपैकी सात मॅच जिंकून कशीबशी वाचली. पुढच्या सीझनला लेस्टर चँपियन होण्यावर बुकी 5000 ला 1 भाव देत होते आणि कोणी हसतही नव्हतं, दखलच घेत नव्हतं. वार्डीने सलग अकरा मॅचमध्ये गोल केले, महरेझ बॉल घेऊन आत वळायचा तेव्हा डिफेंडरला माहीत असायचं की हा आत वळणार आणि तरी तो वळायचाच, मागे मॉर्गन आणि हूथ जे येईल ते डोक्याने परत पाठवायचे. 81 पॉइंट, फक्त तीन पराभव. 2 मे 2016 ला दुसऱ्या नंबरवरच्या टॉटनहॅमने चेल्सीकडे दोन गोलची आघाडी घालवून 2-2 केलं आणि आम्ही मैदानात न उतरता चँपियन झालो. हे सगळं त्या साध्या सिंहाच्या बाहीत झालं. म्हणून तो हवा होता, बाकी काही नाही.

आता ही जर्सी मी 2025 मध्येच का घेतली हेही सांगतो, कारण त्यावरून तुम्हाला घ्यायची की नाही ते ठरवता येईल. मे 2025 मध्ये वार्डी गेला. इप्सविचविरुद्ध शेवटची मॅच, क्लबसाठीची 500 वी, त्यात 200 वा गोल. असलं कोणी लिहून आणलं असतं तर फिल्मी म्हणून फेकून दिलं असतं. पण त्याच्या आधीच, एप्रिलमध्ये लिव्हरपूलकडून 0-1 हरून रेलिगेशन पक्कं झालं होतं, पाच मॅच बाकी असताना. घरच्या मैदानावर लीगचे सलग नऊ पराभव, आणि त्या नऊ मॅचमध्ये एकही गोल नाही. अख्ख्या सीझनला 25 पॉइंट. कोच कूपरला नोव्हेंबरमध्येच काढलं होतं, मग व्हॅन निस्टलरॉय आला, काही फरक पडला नाही.

2023 ला खाली गेलो तेव्हा एवढं लागलं नव्हतं, खरंच सांगतो. तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत धुगधुगी होती, वेस्ट हॅमला हरवलं, एव्हर्टन जिंकलं म्हणून गेलो. टीम चांगली होती, दोनच वर्षांपूर्वी टिलेमन्सच्या त्या लांबून मारलेल्या गोलवर एफए कप घेतला होता, त्यामुळे परत येऊ याची खात्री होती, आणि आलोही, कोच मारेस्काच्या हाताखाली 97 पॉइंट काढून चँपियनशिप, म्हणजे दुसऱ्या पायरीची लीग, जिंकली. तो लगेच चेल्सीला गेला म्हणा. 2025 ला तशी खात्री नव्हती. आर्थिक नियम मोडल्याचं प्रकरण प्रीमियर लीगने मे 2025 मध्ये कमिशनकडे दिलं होतं, पॉइंट कापले जायची टांगती तलवार होती, पगाराचा बोजा वरच्या लीगचा आणि उत्पन्न खालच्या लीगचं. आणि वार्डी तिकडे इटलीत क्रेमोनेसेला गेला. 2008 ला हाच क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला होता हे विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

तरी तेव्हा आशा होती, का होती विचारू नका. मिडफिल्डर विंक्स अजून होता, अकॅडमीतली पोरं खेळत होती, जेरेमी मोंगा सोळा वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच प्रीमियर लीगमध्ये उतरला होता आणि बॉल पायात आला की घाबरत नव्हता. तेव्हाचा नवीन कोच सिफुएंतेसने निदान बॉल ठेवून खेळायचं ठरवलं होतं. मालक विचाई गेल्यापासून, 2018 चा तो हेलिकॉप्टर अपघात, मालकी त्यांच्या मुलाकडे आहे आणि त्याच्यावर लोक चिडलेत, मीही चिडतो, पण पैसे काढून घेणारा माणूस तो नाही एवढं मला वाटतं. चुकीच्या माणसांना लांबलचक काँट्रॅक्ट देणारा आहे, ते वेगळं.

तर निकाल असा. घालून खेळायला किंवा मॅच बघायला जर्सी हवी असेल तर घ्या, कापड या दुकानाचं बाकीच्यांपेक्षा उजवं आहे. भिंतीवर फ्रेम करायला घेत असाल तर नका घेऊ, जाणकार माणूस दोन मिनिटांत बाहीकडे बोट दाखवेल. पॅच उष्णतेने चिकटवलेला आहे, ओढून काढायला गेलात तर खाली गोंदाचा पांढरट डाग राहतो, मी एका कोपऱ्यावर करून बघितलंय. ऑर्डर करताना पॅच नको असा पर्याय असतो, तो निवडा आणि जुना सिंह वेगळा मिळतो तो घेऊन टेलरकडून शिवून घ्या. साइज एक नंबर लहान येते, एम घालत असाल तर एल मागवा. आणि गंमत म्हणजे त्याच दुकानात 2016-17 ची जर्सीपण आहे, तिच्यावर साधा पॅच लावलाय.