टाचेवरचा काटा

व्हेल्ड शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याच्या नराला मागच्या दोन्ही पायांच्या टाचेवर एक बारीकसा काटा असतो. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हापासून असतो. वयात आल्यावर उगवत नाही. मादीला तो नसतो. एवढं मला आधी माहीत असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं, म्हणून तेच आधी सांगून टाकलं.

मला विकताना सांगितलं होतं की हा सहा महिन्यांचा नर आहे, घरच्या पैदाशीचा आहे, हातातून खातो. फोटो देखणा होता: डोक्यावर उंच तुरा, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे. प्रत्यक्षात आलेला प्राणी त्याहून लहान आणि मळकट वाटला. विचारलं तर उत्तर आलं, "प्रवासाचा ताण आहे ताई, दोन दिवसांत रंग खुलेल." ताणाखाली शॅमेलिऑन काळवंडतो हे खरंच आहे. थाप मारताना त्यात खऱ्याची चिमूट टाकायला हा माणूस कधी विसरला नाही.

सोबत पिंजऱ्याचा 'पूर्ण सेट' घेतला: एक लाल दिवा, एक निळसर 'यूव्ही दिवा', पाण्याची वाटी. आणि एक प्रमाणपत्र. शॅमेलिऑन सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणजे तो देशाच्या सीमेपलीकडे नेताना परवाना लागतो. माझ्या प्रमाणपत्रावर प्राण्याचा फोटो, रंगीत किनार आणि 'अस्सल' असा शब्द होता. परवाना क्रमांक नाही, पैदास कुठे झाली ते नाही. आपल्या देशात ही जात पाळायला मुळात परवानगी आहे का, हेही मी विकणाऱ्यालाच विचारलं होतं. म्हणजे कोल्ह्याला विचारून कोंबड्यांना कुलूप लावलं.

नाव ठेवलं बंडू. दोन आठवडे तो बरा खात होता, मग एके दिवशी रातकिड्याकडे बघून त्याने मान फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. फांदी सोडून तो पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा घालू लागला, कोपरे खरवडू लागला. मला वाटलं, पळायला बघतोय. सहाव्या दिवशी डोळे किंचित आत गेलेले दिसले, आणि विष्ठेतला पांढरा भाग पांढरा न राहता नारिंगी झाला होता.

विकणाऱ्याला कळवलं. तो म्हणाला, "आपले एक तज्ज्ञ डॉक्टर आहेत, फोनवरच बघतात. माझं नाव सांगा." मी सांगितलं. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवला, आणि व्हिडिओ बघण्याआधी त्यांनी पैसे मागितले. मग निदान झालं: जंत आणि कॅल्शियमची कमी. पिंजऱ्यात तापमान किती, पाणी कसं पितो, वजन किती, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. विष्ठा तपासल्याशिवाय जंत कुठले ते कळत नाही आणि वजन माहीत असल्याशिवाय औषधाची मात्रा काढता येत नाही, हे मला आज समजतं. तेव्हा 'डॉक्टर' या शब्दानेच धीर आला होता.

कुरिअरने बाटली आली, 'भूक उघडण्याचे थेंब'. आत काय आहे ते बाटलीवर कुठेच नव्हतं. रोज पाच थेंब द्यायचे, आणि तोंड उघडून सिरिंजने पातळ खाणं भरवायचं. मी तीन दिवस भरवलं. बंडू फुत्कारायचा, तोंड घट्ट मिटायचा, आणि मी हलक्या हाताने का होईना, त्याच्याशी झटापट करायचे. हे लिहायला आजही बरं वाटत नाही. शरीरातलं पाणी आटलेल्या, पुरेशी ऊब नसलेल्या सरपटणाऱ्या प्राण्याला अन्न पचवता येत नाही. ते पोटात तसंच कुजू शकतं. शिवाय श्वासनलिकेचं तोंड तिथेच जिभेच्या मुळाशी असतं, त्यामुळे जबरदस्तीने घातलेलं पातळ अन्न फुफ्फुसात जायला वेळ लागत नाही.

चौथ्या दिवशी 'इंजेक्शनचा कोर्स' सुचवला गेला आणि नव्याने पैसे मागितले. भरायला गेले तेव्हा खातेदाराचं नाव पडद्यावर आलं. ते नाव मी आधी पाहिलं होतं. शॅमेलिऑन घेताना पैसे त्याच खात्यात गेले होते. विकणारा आणि 'तज्ज्ञ डॉक्टर' एकच माणूस, किंवा एकाच ताटातले दोन.

पैसे भरले नाहीत. त्या रात्री सरपटणारे प्राणी खरोखर तपासणाऱ्या एक पशुवैद्य बाई शोधल्या. सकाळी त्यांनी बंडूला हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "हिला अंडी घालायला जागा दिलीय का?"

मी म्हटलं, "हिला?"

त्यांनी मागचा पाय अलगद वर करून टाच दाखवली. साफ. काटा नाही. एक्स-रेमध्ये पोटभर अंडी दिसली, द्राक्षांच्या घडासारखी. व्हेल्ड शॅमेलिऑनची मादी नराशिवायही अंडी धरते. घालायची वेळ आली की खाणं सोडते, तळाशी उतरते, उकरायला जागा शोधते. कोपरे खरवडत होती ती त्यासाठी. जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी त्यात मरू शकते. मी तिला भुकेचे थेंब देत बसले होते.

बाकीचा 'सेट'ही त्यांनी फोटो बघत निकालात काढला. वाटीतलं साचलेलं पाणी शॅमेलिऑन सहसा पाणी म्हणून ओळखतच नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो, म्हणून फवारणी किंवा ठिबक हवं. घरी थर्मामीटर लावला तर दिव्याखालची फांदी 24 अंशांवर होती. तिथे 28-29 तरी हवे होते. निळसर दिवा तर निव्वळ रंगीत बल्ब निघाला. यूव्हीबी म्हणजे 280 ते 315 नॅनोमीटरचे किरण, ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे निळा उजेड बघून काहीच कळत नाही. ते मिळाले नाहीत तर कॅल्शियम कितीही भुरभुरा, अंगी लागत नाही. हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हावर मी भिस्त ठेवली होती, पण काच नेमके तेच किरण अडवते.

कातडीखाली सलाईन दिलं, वजन करून मोजून कॅल्शियम दिलं, आणि एक काम सांगितलं: खोल टबमध्ये ओलसर वाळू-माती भरा, वीतभराहून जास्त खोल, मूठ दाबली तर आकार धरेल इतकीच ओली. वर कापड टाका आणि बघू नका. उकरताना कोणी बघतंय असं वाटलं तर ती काम अर्धवट सोडते. हे 'बघू नका' मला सगळ्यात जड गेलं. दीड दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी कापड उचललं तर माती सपाट, थोपटलेली, जणू काही घडलंच नाही. मादी बोगदा खणते, तळाशी अंडी घालते आणि सगळं पुन्हा बुजवून टाकते. उकरून मोजली, 38 निघाली. पोटाच्या कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या आणि ती फांदीवर डोळे मिटून पडली होती. पाचव्या दिवशी पहिला रातकिडा खाल्ला. जीभ पूर्ण फेकता येत नाही अजून, म्हणून किडे वाडग्यात ठेवून देते. नाव बंडूच राहिलं, आता बंडूताई म्हणतो.

विकणाऱ्याला टाचेचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "काटा वयात आल्यावर येतो ताई." एक्स-रे पाठवल्यावर उत्तर आलंच नाही, नंबर ब्लॉक झाला. तेव्हा त्याने सुरुवातीला पाठवलेला तो देखणा फोटो मी मोठा करून पाहिला. त्यातल्या प्राण्याच्या टाचेवर काटा स्पष्ट दिसतो. पैसे परत मिळालेले नाहीत. दोन्ही व्यवहारांचे पुरावे, बाटली आणि ते प्रमाणपत्र जोडून बँकेकडे आणि सायबर तक्रार केंद्राकडे तक्रार केली आहे. बाटली अर्धी भरलेली आहे, ती मुद्दाम फेकलेली नाही.

परवा तोच फोटो पुन्हा एका जाहिरातीत दिसला. 'घरची पैदास, नर, हातातून खातो.' चौकशीसाठीचा नंबर नवा आहे.